मदेराचं विमान, पिन्यावची गाडी: डोरो खोऱ्यातल्या एका वाइन-सहलीचं प्रकरण

गटात सहा माणसं होती. दोन निवृत्त बहिणी, थोरलीची मुलगी आणि जावई, आणि जावयाचे दोन मित्र. सगळी आखणी मुलीकडे होती. मी लहान गटांचे प्रवास आखून देते, म्हणून तिने मला लिहिलं: पोर्तुगालला जायचं ठरलंय, पोर्तोत उतरणार, डोरो खोऱ्यात गाइडबरोबर एक वाइन टूर करायची आहे आणि ती पर्यावरणाचं भान ठेवून करायची आहे. सोबत दोन अडचणीही सांगितल्या होत्या. आई वाइनचा थेंबही घेत नाही. आणि मावशीच्या गुडघ्याला चढ सोसत नाही.

त्यांनी एका मोठ्या टूर कंपनीचं पत्रक पाठवलं होतं. सकाळी आठला हॉटेलवरून व्हॅन, दिवसभरात तीन वाइनरी, मध्ये जेवण, तासभर नावेतून फेरी, रात्री आठच्या सुमारास परत. पत्रकावर 'पर्यावरणपूरक' असा ठळक शिक्का होता. कारणं दोन दिली होती: तिकीट कागदावर छापत नाही, आणि पाण्यासाठी प्रत्येकाला पुन्हा वापरता येणारी बाटली देतो. या टूरनंतर गटाने पोर्तोहून विमानाने मदेरा बेटावर जाऊन तिथली वाइन बघायची आणि दोन दिवसांनी पोर्तोला परत यायचं ठरवलं होतं. मदेराची तिकिटं काढलेली नव्हती. या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं शक्य झालं.

मी त्या कंपनीला तीन प्रश्न विचारले. ज्या वाइनरी दाखवता त्यांची मालकी कुणाची, आणि तिकिटातला किती वाटा त्यांना मिळतो? गाइड खोऱ्यातला आहे की पोर्तोहून येतो? दोनच माणसं असली तरी आठ आसनांची व्हॅन निघते का? उत्तर सभ्य होतं, पण एकाही प्रश्नाला भिडणारं नव्हतं. अशा उत्तरावरून कंपनी खोटारडी ठरवू नये. हे प्रश्न त्यांना फारसं कुणी विचारत नाही, एवढंच त्यातून कळतं. ते विचारले जायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. पत्रकावर काय छापायचं हे शेवटी ग्राहक काय विचारतात त्यावरच ठरतं.

आकडे मांडले तेव्हा

गटात दोन आठवडे खल चालला होता तो एकाच मुद्द्यावर: व्हॅन की रेल्वे? मुलगी रेल्वेच्या बाजूने होती, जावयाचे मित्र व्हॅनच्या. मी म्हटलं, आधी ढोबळ हिशेब मांडू.

पोर्तोहून पिन्याव हे डोरोच्या काठावरचं गाव रस्त्याने साधारण १३० किलोमीटर. जाऊन-येऊन आणि तीन मळ्यांमध्ये फिरून २८० किलोमीटर धरू. भरलेली डिझेल व्हॅन शंभर किलोमीटरला नऊ लिटर घेते असं मानलं, तर २५ लिटर डिझेल जळतं. एक लिटर डिझेल जळल्यावर साधारण २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ६६ किलो, सहा जणांत वाटला तर माणशी ११ किलो. रेल्वेचा आकडा डबे किती भरलेत यावर ठरतो. त्यातही या मार्गावर वीज फक्त वाटेतल्या मार्कू द कानावेझेश या गावापर्यंत पोचली आहे, २०१९ पासून. तिथून वर गाडी डिझेलवरच धावते. तेव्हा रेल्वेने काही बचत होते, पण ती माणशी काही किलोंचीच. सहा माणसांनी गच्च भरलेली व्हॅन तितकी वाईट नसते. दोन माणसांना घेऊन निघालेली व्हॅन मात्र वाईट असते.

आता मदेरा. पोर्तोहून मदेरातलं फुंशाल विमानाने साधारण बाराशे किलोमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून चोवीसशे. माणशी दोनशे ते तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड, तोही साध्या वर्गाच्या आसनासाठी. आणि लांबून पोर्तोपर्यंत येण्या-जाण्याचा विमानप्रवास माणशी एक टनाच्या पुढे जातो.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहून मी पाठवले. ज्या फरकावर दोन आठवडे वाद चालला होता तो काही किलोंचा होता. ज्यावर कुणी बोललंच नव्हतं तो दोनशे किलोंच्या वर होता. सर्वांत मोठा आकडा तर आता कमी होण्यासारखाच नव्हता, कारण येण्याची तिकिटं काढून झाली होती. एवढ्या लांबून आल्यावर तो खर्च सत्कारणी लावायचा एकच मार्ग उरतो: मध्ये आणखी विमान न घेता एकाच जागी जास्त दिवस राहायचं. मदेरा सोडा आणि ते दिवस डोरोत काढा, असं मी सुचवलं. एका दिवसाच्या टूरऐवजी पिन्यावजवळ चार रात्री, आणि गाइड तिथलाच.

जावयाच्या एका मित्राला मदेरा सुटल्याचं खरंच वाईट वाटलं. तिथली वाइन मुद्दाम उष्णतेत मुरवतात, त्याला ती प्रक्रिया बघायची होती. त्याची हळहळ मला खोटी वाटली नाही. पण जे सोडलं ते काहीतरी मोलाचं होतं, हे मान्य करूनच असा निर्णय घ्यावा. काहीच गमवावं लागत नाही असं भासवून प्रवास आखला की माणसं पुढच्या वेळी पुन्हा विमान धरतात.

फरक काही किलोंचाच, तर मग रेल्वे कशाला, असं मुलीने विचारलं. माझी कारणं कार्बनपेक्षा वेगळी होती. पोर्तुगालमध्ये वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. नवा परवाना असलेल्यांना आणि टॅक्सीचालकांसारख्या व्यावसायिकांना ०.२. स्वतः गाडी घेतली तर सहांपैकी एकाला दिवसभर हात आखडून बसावं लागतं, आणि बसला नाही तर प्रश्न अधिकच गंभीर. दुसरं, रेग्वा ते पिन्याव हा नदीकाठचा एन-२२२ रस्ता देखणा म्हणून इतका गाजलाय की हंगामात त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, आणि त्याच रस्त्याने शेतकऱ्यांचे ट्रॅक्टरही जातात. तिसरं कारण साधं आहे. रेल्वे तुम्ही बसलात किंवा नाही बसलात तरी धावणारच. तिचे प्रवासी टिकले तर मार्ग टिकतो. ही लाइन पूर्वी पार स्पेनच्या सीमेवरच्या बार्का द आल्वापर्यंत जायची. १९८८ मध्ये पोसिन्यूच्या पुढचा तुकडा बंद पडला, तो बंदच आहे.

पोर्तोहून पिन्यावला गाडीने सुमारे अडीच तास लागतात. रूळ नदीच्या उत्तर काठाने जातात, म्हणून वर जाताना उजव्या हाताची खिडकी धरायची. अर्ध्या वाटेच्या पुढे पाणी इतकं जवळ येतं की रूळ आणि नदी यांमध्ये फक्त एक भिंत उरते. पिन्यावच्या स्थानकाच्या भिंतींवर १९३७ मध्ये बसवलेली निळी-पांढरी चित्रफरशी आहे, त्यात द्राक्षतोडणी, बैलगाड्या, पिंपं वाहणाऱ्या नावा. गटातल्या आईने सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवला.

मळ्यातला दिवस

गाइड शोधताना मी एकच अट धरली होती: ती व्यक्ती खोऱ्यात राहणारी असावी, आणि तिचा द्राक्षशेतीशी प्रत्यक्ष संबंध असावा. मिळाल्या त्या बाई पिन्यावजवळच्या एका वस्तीतल्या, शेतकऱ्याच्या घरच्या, शेतीचं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी पहिल्याच पत्रात कळवलं: "एका दिवसात एकच मळा दाखवते. तीन हवे असतील तर दुसरं कुणी बघा." मी तिथेच त्यांचं नाव पक्कं केलं.

तीनऐवजी एक का, याला चव आणि तब्येत दोन्हीची कारणं आहेत. चवीसाठी ओतलेली पोर्ट, म्हणजे या खोऱ्यातली गोड, तीव्र वाइन, तीस मिलिलिटर धरली, तिच्यात अल्कोहोल साधारण वीस टक्के, तर एका घोटात पाच ग्रॅमच्या जरा आत शुद्ध अल्कोहोल येतं. एका ठिकाणी चार वाइन म्हणजे एकोणीस ग्रॅम. तीन ठिकाणं केली की हा आकडा पंचावन्नच्या पुढे जातो, तोही भर दुपारी उन्हात. त्यानंतर जिभेला काही वेगळं कळत नाही. मग तिसऱ्या मळ्यावर ज्या शेतकऱ्याने वर्षभर राबून वाइन केली, तिची चव कुणाला नीट कळलेलीच नसते. हा त्याच्या कष्टांवरचा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही असं स्पष्ट केलं. ते मी गटाला आधीच सांगितलं होतं, आणि चाखून थुंकणं तिथे शिष्टसंमत आहे हेही. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. सराईत लोक तेच करतात.

स्थानकापासून मळ्यापर्यंत चाळीसेक मिनिटांचा चढ होता. मावशी गावातल्या टॅक्सीने वर गेल्या, बाकीचे चालत. गाइडबाईंनी चाखण्याच्या खोलीकडे कुणाला वळूच दिलं नाही. आधी वेलींमध्ये.

डोरोचं खोरं म्हणजे उभ्या चढावर कोरलेल्या पायऱ्या. १७५६ मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे मंत्री मार्किस ऑफ पोम्बाल यांच्या कारकिर्दीत या प्रदेशाची हद्द कायद्याने आखली गेली. त्या काळचे ग्रॅनाइटचे हद्दीचे दगड अजून उभे आहेत. २००१ पासून यातला २४,६०० हेक्टरांचा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. यादीत तो निसर्गसौंदर्यासाठी आलेला नाही. माणसांनी हातांनी घडवलेला देखावा म्हणून आलाय. म्हणजे हात थांबले की वारसाही ढासळू लागतो. गाइडबाईंनी ते शब्दांत सांगितलं नाही, दाखवलं. एका पायरीचा गडगा हिवाळ्याच्या पावसात मध्येच कोसळला होता. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते शिस्ट दगडाचे चपटे तुकडे एकावर एक रचलेले. त्यांनी जावयाच्या मित्राला एक तुकडा उचलून जागेवर बसवायला सांगितला. त्याने बसवला, तो डुगडुगला. त्यांनी तोच तुकडा उलटा करून थोडा आत सरकवून ठेवला आणि त्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या. "असं एक मीटर रचायला चांगला गवंडी किती वेळ घेतो ते तुम्हीच बघा, आणि गवंडी उरलेत किती ते मला विचारू नका," त्या म्हणाल्या.

समोरच्या डोंगरावर तीन तऱ्हेच्या पायऱ्या एकाच नजरेत दिसत होत्या. सगळ्यात जुन्या, अरुंद, दगडी गडग्यांच्या. मग गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बुलडोझरने काढलेल्या रुंद मातीच्या, ट्रॅक्टर जाईल अशा, पण ज्यांच्या उतारावर तण माजतं आणि तणनाशकाचा मोह होतो. आणि काही ठिकाणी पायऱ्या नाहीतच, ओळी थेट चढाच्या दिशेने वर. या तिघांच्या मधून झुडपांनी गिळलेले पट्टेही होते, त्यांना तिथले लोक 'मोर्तोरियू' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने खोऱ्यातले मळे उद्ध्वस्त केले. नंतर अमेरिकन खुंटांवर कलमं करून लागवड सावरली, पण हे पट्टे पुन्हा कधीच लावले गेले नाहीत. आज तिथे पक्षी आणि रानफुलं आहेत, म्हणून काही मळेवाले ते मुद्दाम तसेच ठेवतात.

गट गेला तेव्हा मे महिना होता. फुटवे हातभर वाढलेले, फुलोरा उमलायच्या बेतात. हाच फवारणीचा काळ. मुलीने मळ्याच्या मालकाला सरळ विचारलं: "तुमची शेती सेंद्रिय आहे का?" तो "नाही" म्हणाला आणि थांबला नाही. त्याने जे समजावलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

केवडा हा बुरशीचा रोग आला की द्राक्षाचा हंगाम जातो. सेंद्रिय शेतकऱ्याकडे केवड्यावर मुख्य हत्यार तांबं, म्हणजे बोर्डो मिश्रणासारखी औषधं. तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. शिवाय ते पानावरून पावसाने धुऊन जातं. ओला वसंत असला की पुन्हा फवारायचं, म्हणजे पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा डिझेल, पुन्हा त्या पायऱ्यांवर चाकं. हा मालक गंधक आणि तांबं वापरतो, पण अगदीच गळ्याशी आलं तर एखादी रासायनिक फवारणीही करतो, म्हणून त्याला सेंद्रिय शिक्का मिळत नाही. तणनाशक मात्र त्याने बंद केलंय. ओळींमध्ये तो शेंगवर्गीय आच्छादन पीक घेतो आणि उन्हाळा लागायच्या आत कापून तिथेच अंथरतो, कारण डोरोत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि उघडी माती तापून निघते.

याचा अर्थ शिक्के निरुपयोगी, असा मी काढणार नाही. युरोपीय संघात २०१२ च्या द्राक्षहंगामापासून 'सेंद्रिय वाइन' म्हणायला नियम आहेत. त्याआधी फक्त द्राक्षं सेंद्रिय असल्याचं लिहिता यायचं. हिरव्या पानाच्या चिन्हामागे तपासणी असते आणि ती विश्वासार्ह असते. पण शिक्का नसलेल्या शेतकऱ्याला प्रश्न न विचारताच नापास करणं चुकीचं आहे. लहान मळ्याला शिक्क्याची फी आणि कागदपत्रं दोन्ही जड जातात. गाइड बरोबर असण्याचा खरा उपयोग इथे होतो. हा संवाद पोर्तुगीजमध्ये झाला, बाईंनी तो वाक्यागणिक उलगडून सांगितला, आणि जिथे मालक जरा गुळगुळीत बोलला तिथे त्याला पुन्हा टोकलं. ध्वनिमुद्रित माहितीचं यंत्र कानाला लावून फिरणाऱ्याला हे मिळत नाही.

मग तळघर. गुडघाभर उंचीच्या ग्रॅनाइटच्या हौदांना 'लागार' म्हणतात. तोडणीच्या दिवसांत माणसं हात गुंफून ओळीने त्यात द्राक्षं तुडवतात. बी फुटलं तर कडवटपणा उतरतो, पायाने ते फुटत नाही. दोन-तीन दिवसांत रसातली साखर अर्धीअधिक आंबली की त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षांची दारू ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते, आणि ती झाली पोर्ट. आईंनी इथे विचारलं: "हे हौद आणि पिंपं धुवायला पाणी किती लागतं, आणि ते धुणं जातं कुठे?" मालकाचा चेहरा खुलला. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही म्हणाला. त्याने सगळ्यांना मागच्या अंगणात नेऊन सांडपाण्याची टाकी दाखवली, आधी कोरडं खरवडून मगच पाणी मारायचं हा कामगारांना लावलेला नियम सांगितला, आणि चोथा कुठे कुजवतो तेही दाखवलं. वाइन न पिणाऱ्या बाईमुळे गटाला मळ्याचा असा कोपरा दिसला जो पत्रकातल्या कुठल्याच टूरमध्ये नव्हता. वाइन टूरला न पिणारं माणूस नेऊ नये असं म्हणणाऱ्यांना मी आता हे आवर्जून सांगते.

चाखायच्या खोलीत चार वाइन होत्या, पण माझ्या मते सगळ्यात बोलकी वस्तू त्या टेबलाच्या कडेला होती. दोन रिकाम्या बाटल्या. गाइडबाईंनी त्या मावशींच्या दोन हातांत दिल्या. दोन्हींत मावते पाऊण लिटरच, पण एक दुसरीच्या जवळजवळ दुप्पट जड. जड बाटली भारी वाइनची, असा ग्राहकाचा समज; म्हणून कारखाने काच वाढवत गेले. एका बाटलीमागच्या एकूण कार्बन उत्सर्जनात काचेचा वाटा फार मोठा असतो, कारण काच वितळवायला भट्टी रात्रंदिवस तापती ठेवावी लागते, आणि मग तेच वजन जगभर वाहून न्यायचं. वाइन व्यापारातल्या काही मोठ्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन बिनफेसाच्या वाइनच्या बाटलीचं सरासरी वजन ५५० ग्रॅमवरून २०२६ अखेरपर्यंत ४२० ग्रॅमच्या खाली आणायचा करार केला आहे. मावशींनी दोन्ही हात वर-खाली करून पाहिले आणि म्हणाल्या, "मग मी हलकीच घेणार." त्यांनी तीच घेतली. गटाने मिळून दोनच बाटल्या विकत घेतल्या, त्याही असलेल्या सामानात बसतील अशा. पेटी विमानाने घरपोच पाठवायचा पर्याय होता, तो नाकारला.

पैसा कुणाच्या हातात पडला

यावर मी सगळ्यात जास्त विचार करते, आणि टिकाऊ पर्यटनाच्या गप्पांत याचीच चर्चा कमी होते.

डोरोत हजारो शेतकरी आहेत आणि बहुतेकांची जमीन तुटपुंजी आहे. ते स्वतः वाइन बाटलीत भरत नाहीत, मोठ्या वाइन कंपन्यांना किंवा सहकारी वाइनरीला द्राक्षं घालतात. दरवर्षी खोऱ्यात किती रसाची पोर्ट करायची याचा कोटा ठरतो, त्याला 'बेनेफिसियू' म्हणतात. पोर्टसाठी गेलेल्या द्राक्षाला दर बरा मिळतो, बाकीच्याला पडेल तो. २०२४ मध्ये हा कोटा ५५० लिटरची ९०,००० पिंपं होता, २०२५ मध्ये ७५,००० वर आला. लहान शेतकऱ्याला याचा अर्थ हिशेबाविनाच कळतो. गेल्या काही हंगामांत तर काहींच्या द्राक्षांना गिऱ्हाईकच मिळालं नाही. पायऱ्या सोडून द्यायची वेळ येते ती अशीच.

म्हणून मी गाइडबाईंना विचारलं होतं की मळ्याची फी सोडून आणखी कुठे खर्च केला तर तो थेट अशा घरात पोचेल. त्यांनी गटाचं दुसऱ्या दिवसाचं जेवण एका द्राक्षउत्पादकाच्या घरी ठरवलं. त्याच्याकडे हेक्टरभराच्या आतच वेली, बांधाला ऑलिव्ह आणि बदाम. त्याच्या बायकोने रांधलं, पैसे तिच्याच हातात दिले. निघताना गटाने तेल आणि बदाम घेतले. मुक्काम गावातल्या एका कुटुंबाच्या खोल्यांत, गाइडचं मानधन थेट गाइडला, टॅक्सी गावातली. मूळच्या बारा तासांच्या टूरमध्ये खोऱ्यात पडला असता त्याहून बराच जास्त पैसा या चार रात्रींत तिथेच राहिला. गटाचा एकूण खर्च मदेराच्या बेताच्या जवळपासच आला. विमानाचे आणि तिथल्या हॉटेलांचे पैसे फक्त या खोऱ्यात वळले.

जे नीट जमलं नाही

तिसऱ्या दिवशी जावयाचे मित्र कंटाळले. पिन्याव लहान गाव आहे. दुपारच्या उन्हात बाहेर पडवत नाही, दुकानं बंद असतात. ते दोघे जुन्या धाटणीच्या रबेलू नावेतून तासाभराच्या फेरीला गेले. ती नाव पूर्वी पिंपं घेऊन खाली पोर्तोसमोरच्या गाइयाच्या गोदामांपर्यंत जायची. धरणं झाल्यावर तो प्रवास संपला आणि आता तिला इंजिन लावून प्रवासी फिरवतात. इंजिन डिझेलचं होतं. मुलीला ते खटकलं. मला नाही. चार दिवसांत तासभर नाव, आणि ती चालवणारा गावातलाच, हे मी मोजायलाही घेतलं नसतं. प्रत्येक बारीक गोष्टीवर पहारा ठेवला की गटातली माणसं एकमेकांवर चिडू लागतात आणि मोठे निर्णय बाजूला राहतात.

मावशींच्या गुडघ्याचं मात्र पुरतं जमलं नाही. टॅक्सी मळ्याच्या दारापर्यंत गेली, पण वेलींमधल्या दगडी पायऱ्या त्यांना झेपल्या नाहीत. गडग्याचा तो सगळा प्रसंग त्यांनी वरून ओट्यावर बसून पाहिला. अशा चढाच्या मळ्यांत गुडघ्याची तक्रार असलेल्यांसाठी सपाट वाट असलेला एखादा भाग आधीच ठरवून ठेवायला हवा. गाइडबाई आता तसा एक शोधून ठेवणार आहेत, नदीलगतच्या सखल भागातला.

परत येताना गाडी उशिरा आली आणि डबा गच्च होता. उभं राहून यावं लागलं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी हे होतंच. रेल्वे सुचवताना हे लपवू नये, आणि परतीचा दिवस शक्यतो आठवड्याच्या मधला धरावा.

गट पुन्हा जायचं म्हणतोय, यावेळी सप्टेंबरमध्ये, लागारमध्ये स्वतः द्राक्षं तुडवायला. मी गाइडबाईंना विचारलं. त्यांनी साफ सांगितलं की सप्टेंबरमध्ये येऊ नका. तोडणीच्या दिवसांत खोऱ्यात राहायला जागा नसते, मजुरांनाच खोल्या मिळत नाहीत, आणि मालकाला पाहुण्यांकडे बघायला क्षण नसतो. गाइडबाईंच्या स्वतःच्या हाताला काम नसतं ते हिवाळ्यात. तेव्हा छाटणी चालू असते, गडगे दुरुस्त होत असतात, मालकाकडे बोलायला वेळ असतो, आणि ज्या घरांत उन्हाळ्यात पाहुणे असतात त्यांच्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असतात. मुलीला मी हे जसंच्या तसं कळवलं. आई आणि मावशी फेब्रुवारीला तयार आहेत, मावशींची अट एकच की नदीलगतचा तो सखल मळा आधी. मित्रांचं अजून सप्टेंबरवरच आहे.